पॅटर्न कडक, पत्ता खोटा

ऑनलाइन अर्जातला ईमेलचा रकाना कडक तपासला पाहिजे, असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा आवाजही मोठा आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गावाकडचे लोक रकान्यात काहीही भरतात. म्हणून मागे एक घट्ट रेजेक्स, म्हणजे आकार तपासणारं सूत्र, बसवा, त्यात न बसणारा पत्ता जागीच परत करा, म्हणजे डेटा स्वच्छ राहील, फसवणूक थांबेल आणि पुढची कटकट मिटेल. इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये हे शिकवलं जातं. सॉफ्टवेअरच्या निविदेत ‘व्हॅलिडेशन’ या एका शब्दात ते मागितलं जातं. आणि अर्ज अडला की दोष अर्जदाराच्या माथी मारायलाही तेच कामी येतं.

हा युक्तिवाद मुळातच चुकीचा आहे. कडक पॅटर्न खोटा पत्ता अडवत नाही, खरा पत्ता मात्र अडवतो आणि सुरक्षिततेच्या नावाखाली स्वतःच एक कच्ची जागा तयार करतो. ईमेलच्या रकान्यात रेजेक्सनं करायचं काम एका ओळीत मावतं: @ आहे का, त्याच्या दोन्ही बाजूंना काही लिहिलं आहे का, मध्ये चुकून मोकळी जागा पडली नाही ना. बाकी सगळं काम त्या पत्त्यावर पाठवलेल्या पडताळणीच्या मेलचं आहे.

रेजेक्सशी माझं भांडण नाही. रेजेक्स, म्हणजेच रेग्युलर एक्स्प्रेशन, हे अक्षरांच्या ओळीचा आकार सांगणारं सूत्र. स्टीफन क्लीनी या अमेरिकी गणितज्ञानं १९५० च्या दशकात त्याचा पाया घातला आणि १९६८ मध्ये केन टॉम्प्सननं ते मजकुरात शोध घेण्याच्या कामाला जुंपलं. आज ते प्रत्येक प्रोग्रॅमरच्या हाताखालचं अवजार आहे, आणि जिथे आकार पक्का तिथे ते चोख चालतं. पॅन क्रमांक पाहा: पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. बँकेचा आयएफएससी: चार अक्षरं, मग शून्य, मग सहा चिन्हं, एकूण अकरा. पिनकोड: सहा अंक, पहिला कधीच शून्य नाही, जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याचा ४२५१११. हे आकार एकेका यंत्रणेनं आखून दिलेले आहेत, म्हणून तिथे आकार चुकला म्हणजे क्रमांक चुकलाच. आधारमध्ये तर बारावा अंक आधीच्या अकरांवरून हिशेबानं काढलेला असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकीचा टाइप झाला तर साध्या गणितानं तो पकडता येतो.

ईमेलला असा कुणी एक मालक नाही. @ च्या डावीकडच्या भागाचा अर्थ लावायचा अधिकार फक्त तो पत्ता ज्या सर्व्हरवर आहे त्याला. मेलच्या प्रमाणनियमांतच तसं म्हटलं आहे. डाव्या भागाला ६४ बाइटची मर्यादा आहे. त्यात बिंदू चालतो, अधिकचं चिन्ह चालतं, आडवी रेघ चालते, एकेरी अवतरणचिन्हही चालतं. जुन्या नियमांनी तर पत्त्याच्या आत कंसात टिपणी लिहायची मुभा दिली होती, आणि त्या कंसात आणखी कंस. कंसात कंस किती खोल जाईल याला मर्यादा नसेल, तर शुद्ध रेग्युलर एक्स्प्रेशन ते ओळखू शकत नाही. हे गणितानं सिद्ध झालेलं आहे, प्रोग्रॅमरच्या हुशारीचा तिथे प्रश्नच येत नाही. १९८२ च्या नियमांना धरून पर्लमध्ये लिहिलेला एक प्रसिद्ध पॅटर्न सहा हजारांहून जास्त चिन्हांचा आहे, आणि तरीही त्याला टिपण्या आधी काढून द्याव्या लागतात. ब्राउझरमधल्या ईमेलच्या रकान्यासाठी वेबच्या प्रमाणकर्त्यांनी जो नमुना ठरवला, तो मेलच्या मूळ नियमांपासून मुद्दाम फारकत घेतो, आणि तसं त्यांनी तिथेच लिहूनही ठेवलं आहे. जगभरच्या तज्ज्ञांनी जिथे हात टेकले, तिथे आपल्याकडचा एखादा विकासक इंटरनेटवरून उचललेली ओळ चिकटवतो आणि तिला नियम म्हणतो.

आता ‘चुकीचे पत्ते अडतात’ या दाव्याकडे. पारोळ्याच्या बाजारपेठेत ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या कुठल्याही दुकानात प्रवेशाच्या हंगामात थोडा वेळ उभं राहा. तामसवाडीहून शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मुलगी येते, बहादरपूरहून पीकविम्यासाठी शेतकरी येतो. दोघांनाही मेल आयडी विचारला जातो. शेतकऱ्याकडे तो नसतो. मुलीकडे असतो, पण मागच्या वर्षी कुणीतरी मोबाइलवर काढून दिलेला, आणि त्याचा पासवर्ड आता कुणालाच आठवत नाही. रकान्याशेजारी लाल चांदणी असते. भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. ‘आते काय करू, भाऊ?’ या प्रश्नाला ठरलेलं उत्तर आहे. दुकानदार स्वतःचा मेल आयडी टाकतो, नाहीतर अर्जदाराचं नाव आणि जन्मसाल जोडून तिथल्या तिथे एक पत्ता रचतो. दोन्ही पत्ते पॅटर्नमध्ये चपखल बसतात. मुलीचं प्रवेशपत्र दुकानदाराच्या मेलमध्ये जाऊन पडतं, शेतकऱ्याचा निरोप कुठेच पोचत नाही, आणि कार्यालयातल्या अहवालात ‘सर्व ईमेल वैध’ असं छापून येतं.

टायपिंगच्या चुकांचंही तेच. जीमेलच्या रोमन स्पेलिंगमधलं एक अक्षर गळतं. पाटीलमध्ये एका आयऐवजी दोन ई पडतात. ‘कॉम’मधल्या शेवटच्या एमच्या जागी एन लागतो. यातली एकही चूक पॅटर्नला दिसत नाही, कारण तिन्ही पत्त्यांचा आकार अगदी बरोबर असतो. पाकिटावरचा पत्ता सुवाच्य आहे एवढ्यावरून त्या घरात माणूस राहतो की नाही हे पोस्टमनला कळत नाही. ते दार वाजवल्यावरच कळतं. मेल पाठवा, त्यातला कोड परत मागा. कोड आला तर पत्ता खरा आणि तो याच माणसाच्या हातात आहे, हेही त्याच क्षणी सिद्ध होतं. जगातला कुठलाही पॅटर्न, कितीही लांबीचा असला तरी, ही दुसरी गोष्ट सांगू शकत नाही.

यावर लगेच उत्तर येतं: ‘गावात रेंज नसते, मेल वेळेवर उघडत नाही, पडताळणीत अर्ज रखडतील.’ अडचण खरी आहे, पण ती कडक पॅटर्नच्या बाजूनं जात नाही. ज्याला मेल उघडता येत नाही त्याच्याकडून मेल आयडी सक्तीनं मागायचाच कशाला? मोबाइलवर ओटीपी येतो, तो पुरेसा आहे. रकान्यातला बहुतेक कचरा लाल चांदणीतून येतो. चांदणी काढा, रचलेले पत्ते आपोआप घटतील.

खरे पत्ते अडण्याची गोष्ट याहून गंभीर आहे. एक जुना पॅटर्न वर्षानुवर्षं एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये उतरवला जातो आहे. त्याच्या शेवटी अट असते: अखेरच्या बिंदूनंतर दोन ते चार रोमन अक्षरं. ही अट २००१ मध्येच शिळी झाली, कारण त्या वर्षी सहा अक्षरांचं ‘म्युझियम’ हे टोक इंटरनेटवर आलं. २०१३ पासून नव्या टोकांची रीघ लागली. आज त्यांची संख्या हजारावर आहे आणि त्यात अकरा अक्षरांचं ‘फोटोग्राफी’ आहे, तेरा अक्षरांचं ‘इंटरनॅशनल’ आहे. गावातल्या एखाद्या फोटो स्टुडिओवाल्यानं हौसेनं पैसे भरून असं नाव घेतलं, तर त्याचा खराखुरा मेल आयडी अर्जात ‘अवैध’ ठरतो. जीमेलमध्ये नावापुढे अधिकचं चिन्ह लावून एकाच खात्याचे वेगवेगळे पत्ते करता येतात. मुलाच्या परीक्षेचे मेल वेगळे, विजेच्या बिलाचे वेगळे. ही सोय वापरणाऱ्यालाही असंख्य अर्ज परत पाठवतात.

आणि मराठी? इथे तर कडकपणाची पुरती शोभा होते. ‘पारोळा’ हा शब्द संगणकाला सहा चिन्हांचा दिसतो: प, काना, र, ओकाराची मात्रा, ळ, काना. पायथॉनच्या मूळ रेजेक्समध्ये ‘शब्दात येणारं चिन्ह’ अशी एक खूण आहे. ती या शब्दावर चालवली तर हाती लागतं प, र आणि ळ. काने आणि मात्रा तिच्या लेखी शब्दाचा भाग नाहीत, म्हणून एका गावाचे तीन तुकडे होतात. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टची तीच खूण त्याहून कर्मठ. तिला यातलं एकही चिन्ह दिसत नाही. मग कुणी शहाणा ‘क ते ह’ अशी कक्षा लिहून देतो आणि मराठीची सोय झाली म्हणतो. त्या कक्षेत ळ येतो, पण काना येत नाही, वेलांटी येत नाही, हलन्ताचं चिन्हही येत नाही. म्हणजे एकही जोडाक्षर येत नाही. अंकांची गंमत उलटी. पायथॉनची अंकाची खूण ‘४२५१११’ निमूट स्वीकारते, जावास्क्रिप्टची नाकारते. एकाच अर्जाचं पान पिनकोड परत करतं आणि त्यामागचा सर्व्हर तोच पिनकोड चालवून घेतो. देवनागरी यूनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. रेजेक्सनं शब्द कसा ओळखावा याच्या यूनिकोडच्या मार्गदर्शनात मात्रांसारखी चिन्हं शब्दाचाच भाग धरलेली आहेत. कमी आहे ती आपल्या चाचणीत: ‘टेस्ट’ हा शब्द टाकून पॅटर्न तपासणारा ‘पारोळा’ टाकून पाहत नाही.

‘पण मराठीत मेल आयडी वापरतो कोण?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं, कारण ते त्यानंच घडवलेलं असतं. दार बंद ठेवायचं आणि आत कुणी येत नाही म्हणायचं, असा हा प्रकार. तांत्रिक बाजूनं अडलेलं काही नाही. रोमनबाहेरच्या लिप्यांतल्या ईमेलचे नियम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. देवनागरीतलं ‘.भारत’ हे टोक ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं, आणि ज्या भाषांसाठी ते खुलं केलं त्यांत हिंदीसोबत मराठी आणि कोकणीही आहेत. देवनागरी संकेतनामांच्या नियमांवर पुण्याच्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेनं काम केलेलं आहे. त्याच ऑगस्टमध्ये जीमेलनं अशा पत्त्यांशी मेलची देवाणघेवाण सुरू केली. राजस्थान सरकारनं २०१७ मध्ये नागरिकांना ‘राजस्थान.भारत’वर हिंदी मेल आयडी देऊ केले. सगळ्या लिप्यांतले पत्ते सगळीकडे चालावेत म्हणून जागतिक पातळीवर पहिला दिवस पाळला गेला तो २८ मार्च २०२३ ला, आणि त्याचा मुख्य कार्यक्रम झाला दिल्लीत. एवढं सगळं होऊनही देवनागरी पत्ता शेवटी अडतो तो एका खेड्यातल्या अर्जाच्या रकान्यात, कुणाच्या तरी दोन ते चार अक्षरांच्या अटीपाशी. ‘.भारत’चं आतलं रोमन रूपसुद्धा या अटीतून सुटत नाही, कारण ते अकरा चिन्हांचं आहे आणि त्यात आडव्या रेघा आणि अंक आहेत.

ज्या राज्यात १९६४ चा राजभाषा अधिनियम आहे, ज्याच्या भाषेला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, तिथल्या अर्जात माणसाचं नाव मराठीत सक्तीचं आणि पत्ता मराठीत निषिद्ध, या विसंगतीची जबाबदारी कुणीच घेत नाही. कुठल्या मंत्र्यानं तसा आदेश काढलेला नाही, कुठल्या सचिवानं सही केलेली नाही. पॅटर्न लिहिणाऱ्यानं ते परस्पर ठरवून टाकलं.

उरला सुरक्षिततेचा मुद्दा. कडकपणाचे समर्थक शेवटी याच किल्ल्यात शिरतात. ‘रकान्यातून कुणी घातक मजकूर घुसवला तर?’ त्याचा बंदोबस्त डेटाबेसकडे मजकूर वेगळा बांधून पाठवण्यानं होतो, पानावर दाखवताना चिन्हं निष्प्रभ करण्यानं होतो. ईमेलच्या रकान्यातली एकेरी अवतरणचिन्हं छाटून ते काम होत नाही. ती तर वैध पत्त्यातही येतात. उलट लांबलचक पॅटर्न हाच धोका ठरू शकतो. आज वापरात असलेली बरीच रेजेक्स यंत्रं एक वाट चुकली की मागे येऊन दुसरी वाट धरतात, आणि पॅटर्न घोळदार असेल तर या वाटांची संख्या भूमितीय वेगानं वाढते. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमरांचंच संकेतस्थळ ३४ मिनिटं बंद पडलं. कारण होतं मोकळ्या जागा काढणारा एक रेजेक्स आणि सुमारे वीस हजार मोकळ्या जागा असलेला एक मजकूर. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअर या बलाढ्य कंपनीचे सर्व्हर जगभर सुमारे २७ मिनिटं गुदमरले. तिथेही मूळ एका रेजेक्समध्येच होतं, आणि तो बसवला होता सुरक्षिततेसाठीच! टॉम्प्सनच्या १९६८ च्या पद्धतीत हा दोष नव्हता. वाढत्या सोयींच्या हव्यासात पुढच्या यंत्रांनी तो ओढवून घेतला.

वेबच्या लिंकांबाबत हा भ्रम आणखी महागात पडतो, कारण इथे पैसा जातो. लिंकेत ‘बँक’ हा शब्द आहे का, एवढंच पाहणारा पॅटर्न चोराला मदत करतो. लिंकचा खरा मालक कळतो तो सुरुवातीच्या जोडरेघांनंतर येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीच्या भागाच्या शेवटाकडून. सुरुवातीला बँकेचं नाव आणि शेवटी भलतंच टोक, अशी लिंक बनवायला काही लागत नाही. आणि पॅटर्नला शेवट बांधलेला नसेल तर ती आरामात पार होते. रेजेक्समधल्या उघड्या बिंदूचा अर्थ ‘कुठलंही एक चिन्ह’ असा होतो, हे विसरणारे तर आणखी मोठं भगदाड ठेवतात. लिंकच्या नियमांप्रमाणे @ च्या आधीचा भाग नुसता वापरकर्त्याचं नाव धरला जातो, म्हणून तिथे बँकेचं नाव घालून @ च्या पुढे चोराचा पत्ता ठेवता येतो. देवनागरीत ‘ख’ आणि ‘रव’ यांचा घोळ जुनाच आहे. ख चा पाय जोडून लिहायला सांगतात तो त्याचसाठी. पडद्यावर डोळा फसेल, आणि रेजेक्सला दोन्ही शुद्ध देवनागरीच वाटतील.

यावर उपाय कसा शोधायचा हे रिझर्व्ह बँकेनं दाखवलं. देशातल्या बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘.बँक.इन’ या टोकावर यावं, असं तिनं सांगितलं, आणि त्यात जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँकाही आल्या. हे टोक फक्त बँकांनाच मिळतं. ते देण्याचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या बँकिंग तंत्रज्ञान संस्थेकडे सोपवलेलं आहे. विश्वास नोंदणीच्या दारावर तपासला जातो, म्हणून त्याला वजन आहे. रेजेक्सनं मग एवढंच पाहायचं की टोक खरोखर शेवटी आहे. तेवढं काम तो उत्तम करतो.

लिंक नुसती ओळखायची असेल, म्हणजे मजकुरातली निळी करायची असेल, तरी अतिकडकपणा नडतो. मराठी विकिपीडियावरच्या पारोळा लेखाची लिंक घ्या. सहा चिन्हं, प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे १८ बाइट. टक्केवारीच्या चिन्हांत उतरवली की शेवटच्या शब्दाची ५४ चिन्हं होतात. कुणी ती लांब माळ टाळून देवनागरीतच लिंक लिहिली आणि ओळखणारा पॅटर्न फक्त रोमन जाणणारा असला, तर लिंक तिरक्या रेघेपाशी तुटते आणि वाचणारा भलत्याच पानावर जातो. पायथॉनची ती खूण वापरली असेल तर लिंक ‘प’ पर्यंत जाते आणि पहिल्या कान्याला अडखळते. लिंकला लागून आलेला पूर्णविराम वाक्याचा की लिंकचा, शेवटचा कंस लेखाच्या शीर्षकातला की लिहिणाऱ्याचा, हे प्रश्न आकारावरून पूर्ण सुटत नाहीत. म्हणून चांगली साधनं टोकांची अधिकृत यादी पाहतात, कंसांची जोडी मोजतात आणि शंका राहिली तर लिंक उघडण्याआधी पूर्ण पत्ता वाचकाला दाखवतात.

तेव्हा निविदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांनी ‘ईमेल व्हॅलिडेशन’ हा मोघम शब्द काढून चार अटी लिहाव्यात: रकाना ऐच्छिक असावा, आकाराची तपासणी @ आणि त्याच्या दोन बाजूंपुरती असावी, ज्यानं पत्ता दिला त्याला पडताळणीचा कोड जावा, आणि काम ताब्यात घेण्याआधी देवनागरी पत्ता टाकून ते तपासलं जावं. जळगावच्या विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजांनी प्रॅक्टिकलमध्ये रेजेक्स जरूर शिकवावा, पण पॅन आणि पिनकोडवर शिकवावा आणि ईमेलवर तो कुठे थांबतो हेही त्याच तासाला दाखवावं. अर्ज भरून देणाऱ्या दुकानदारांनी लोकांचे पत्ते रचणं थांबवावं आणि मेल आयडी नाकारला गेला की पडद्याचा फोटो काढून संबंधित कार्यालयाकडे लेखी तक्रार द्यावी. ‘तुमचा ईमेल अवैध आहे’ हे वाक्य पडद्यावर दिसलं, की चूक अर्जदाराचीच असेल असं धरून चालू नका. पत्ता देणारा सर्व्हर तो मान्य करत असेल, तर अवैध आहे तो अर्ज.